पाचवा उद्गार

सांगलीत मार्च महिना नाकातून आत शिरतो. मार्केट यार्डाकडून वारा आला तर हळदीचा वास, साखर कारखान्याकडून आला तर मळीचा, आणि आमच्या स्वयंपाकघरात आलात तर बेदाण्यांचा. आदल्या दिवशी भिजत घातलेले तासगावचे बेदाणे आता पातेल्यात रटरटताहेत. मी रहिमतपूरच्या शाळेत मराठी शिकवणारी बाई. परीक्षेच्या ऐन हंगामात दोन दिवसांची रजा टाकून, मुख्याध्यापकांचे टोमणे ऐकून, रेल्वेने इथे आईकडे आले आहे आणि पातेल्यात डाव फिरवत उभी आहे.

हा रस आज संध्याकाळच्या प्रभुभोजनाचा. आम्ही ख्रिस्ती. ईस्टरच्या आधी आमचा चाळीस दिवसांचा उपासकाळ असतो, त्याला घरात सगळे लेंट म्हणतात. त्याच्या शेवटच्या आठवड्यात गुरुवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण, आणि शुक्रवारी त्याच्या क्रूसाची. प्रभुभोजनाला आमच्या चर्चमध्ये द्राक्षारस म्हणून बेदाण्याचाच रस करतात. कित्येक वर्षं तो माझ्या आईच्या पातेल्यातून जात आलाय. दुसऱ्या कुणी केला तर म्हाताऱ्या मंडळींना चव कळते आणि ती तोंडं वाकडी करतात.

आज आई घरी नाही. बाराच्या सुमारास तिने पिशवीत पाण्याची बाटली टाकली, स्वच्छ कापूस टाकला, काठी घेतली आणि रिक्षाने गेली. "रस करपवू नगंस. चारला न्यायला ये," एवढंच बोलली. मी म्हटलं, "एवढ्या उन्हात?" तर मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. कुठे गेली ते मला माहीत आहे. आणि ती का जाते हे आठवायला लागलं की तीन वर्षांपूर्वीचं लेंट पुन्हा घरभर पसरतं.

आईला इकडे नावाने कोणी ओळखत नाही. ती सिस्टर. सर्जरीच्या वॉर्डात तिने उभी हयात काढली. शाळा सुटली की मी तिच्या टेबलापाशी जाऊन बसायची आणि गृहपाठ करता करता कानावर एकच शब्द पडायचा. पाणी. सिस्टर, पाणी. ओ सिस्टर, एक घोट तरी. ऑपरेशन झालेल्या माणसाला डॉक्टर सांगेपर्यंत पाणी द्यायचं नसतं, आणि त्याला तर दुसरं काही सुचत नसतं. आई खाटांच्या मधून ताठ मानेने चालत जायची आणि थांबताही न म्हणायची, "ओठ भिजवा, घसा न्हाई." झालं. पुढची खाट.

माझी आई दुष्ट आहे असं मला वाटायचं. एकदा तिच्या तोंडावर बोलले. तिने माझी वेणी घालता घालता उत्तर दिलं, "पानी दिलं तर मरतंय ते मानूस. रडलं तर मरत न्हाई." आणि वेणी एवढी घट्ट आवळली की माझे डोळे ताणले गेले. लय कडक बाई. डॉक्टरसुद्धा तिच्या वॉर्डात यायच्या आधी शर्ट खोचून घ्यायचे म्हणे.

तर त्या वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे लेंटच्या पहिल्याच दिवशी, कपाळावर राखेची खूण घेऊन ती चर्चमधून घरी आली आणि चपला काढता काढता खालीच बसली. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. दवाखान्यात आठवडा काढून घरी आणताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. हात येईल हळूहळू, म्हणाले, पण जपायचं ते गिळण्याला. घशाची एक बाजू काम करत नव्हती. पाण्यासारखं पातळ काहीही दिलं की ते अन्ननलिकेऐवजी श्वासाच्या वाटेने फुप्फुसात उतरत होतं. तेव्हा पाणी बंद. चहा, आमटी, ताक, सगळं बंद. जे द्यायचं ते एक पावडर घालून खिरीसारखं घट्ट करून, चमच्याने. "किती दिवस?" मी विचारलं. "सहा आठवडे तरी. मग बघू."

म्हणजे जवळजवळ लेंट संपेपर्यंत.

गिळण्याचे आणि बोलण्याचे व्यायाम शिकवायला सारिका यायची. आटपाडीकडची पोर, पंचविशीची, शिकून नुकतीच कामाला लागलेली. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. "आमी ल्हानपनी पाऊस संपला की कळप घिऊन निघायचो," ती सांगायची, "पानी कुठं मिळंल ते आज्जा वासावरनं सांगायचा." या पोरीने आईला पहिला हुकूम दिला, "आवं सिस्टर, हनवटी खाली. खाली म्हंजे छातीला. मग गिळायचं." मान अशी वाकवली की श्वासाची वाट झाकली जाते म्हणे. आईने तिच्याकडे असं काही बघितलं की मी स्वयंपाकघरात सटकले. जन्मात ज्या बाईने मान खाली घातली नाही, तिला प्रत्येक घासाला मान खाली घालायला सांगत होती कालची पोर!

घट्ट केलेलं पाणी आईने तोंडात घेतलं आणि चमचा बाजूला सारला. "खळ हाय ही." त्या दिवसांत तिला दोन-तीन शब्दच जमायचे. दिवसभरात खिरीसारखं पाणी आठ-दहा चमचे. बाकी वेळ ती खाटेवरून माठाकडे बघत पडायची. तो माठ मी उचलून मोरीत नेऊन ठेवला, तर मोरीकडे बघायला लागली. उन्हाळा मी म्हणत होता. शेजारच्या नळावर बादली भरायला लागली की तिचे ओठ हलायचे. मला त्या दिवसांत देवाकडे दुसरं काही मागायचंच नव्हतं. आईने परत एकदा पेलाभर साधं पाणी प्यावं. बास.

लेंटमध्ये आमच्याकडे संध्याकाळी घरोघरी प्रार्थनासभा असतात, रोज एक घर. तिसऱ्या आठवड्यात आमची पाळी आली. मी नको म्हणत होते, पण आईने डाव्या हाताने खाटेवर थाप मारली, म्हणजे इथेच. पंचवीस माणसं दाटीवाटीने बसली. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी त्या दिवशी बोलायला विषय घेतला तो शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, एका पत्रातला: ख्रिस्त देवाचा पुत्र होता, तरी दुःख सोसून तो आज्ञापालन शिकला.

या वाक्याशी माझं संडे स्कूलपासून भांडण. पुत्रच आहे, तर शिकायचं काय? आणि शिकायला दुःखच कशाला? त्याहून मोठा राग वेगळाच. हे वाक्य लोक भलत्यांच्या गळ्यात मारतात. मी शाळकरी होते तेव्हा वॉर्डात नवऱ्याने जाळलेली एक बाई होती. कुणी एक उपदेशक तिच्या उशाशी उभा राहून सांगायला लागला की बाई, सोस, सोसण्यातून देव शिकवतो. आईने त्याला दंड धरून जिन्यापर्यंत नेलं. "देवाची आज्ञा हुती व्हय काडी वडायची?" तिचा आवाज दोन मजले ऐकू गेला. तेव्हापासून मी मनाशी धरून चालले होते की आईलाही ते वाक्य मान्य नाही.

असो. सभा संपली. रिवाजाप्रमाणे सगळ्यांना लिंबू सरबत. मी स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभी होते आणि मला सगळं दिसत होतं. आईच्या शेजारी बसलेल्या मंडळीतल्या एका मावशींनी आपला पेला खाटेच्या कडेवर टेकवला. आईने डावा हात लांब केला, पेला उचलला आणि घटाघटा प्यायला लागली. आजूबाजूला सगळ्यांना नियम माहीत होता. आठ-दहा हात तिथल्या तिथे होते. एकही पुढे झाला नाही. सिस्टरला कोण अडवणार? जिने आख्ख्या मंडळीला इंजेक्शनं टोचली, जिच्यापुढे पाळकसाहेब अजूनही उभे राहून बोलतात, तिचा हात कोण धरणार? आणि मी? मला तर हाक मारता आली असती. मी पण गप्प राहिले. पिऊ दे, वाटलं. पिऊ दे गं माझ्या आईला एकदा.

तिसऱ्या घोटाला ठसका लागला. तो थांबेना. ओठ निळे पडले. फुप्फुसात सरबत उतरलं होतं, दोन दिवसांत न्यूमोनिया. पुन्हा दवाखाना, नऊ दिवस, त्यातले चार ऑक्सिजनवर. मी बाहेरच्या बाकावर बसून स्वतःला शिव्या देत होते. त्या इतक्या वाईट होत्या की लेंटमध्ये लिहू नयेत.

योगायोग म्हणा काही म्हणा, तिला ठेवलं ते तिच्याच जुन्या वॉर्डात. पाचव्या दिवशी ऑक्सिजनची नळी काढल्यावर ती कोरड्या घशाने पहिला शब्द बोलली. "पानी." ड्यूटीवरची नर्स नवी होती, तिला ही कोण ते ठाऊक नव्हतं. ती चालता चालता म्हणाली, "आजी, पाणी नाही मिळणार," आणि पुढच्या खाटेकडे गेली. वावगं काहीच केलं नाही तिने. नियम तोच होता. आई तिच्या पाठमोऱ्या पांढऱ्या कपड्यांकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. माझ्या आठवणीत मी तिला पहिल्यांदाच रडताना बघत होते. मला वाटलं तहानेने. मी कापूस भिजवून ओठांना लावला. तिने माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. मग मी तशीच बसून राहिले, जेवणाची घंटा होऊन गेली तरी.

घरी आल्यावर सारिका घाबरत घाबरत आली. आपल्यालाच बोलणी बसणार असं तिला वाटत होतं. आईने तिला समोर बसवलं आणि एकच शब्द उच्चारला. "सांग."

त्या दिवसापासून ती शिकायला लागली. हो, शिकायला. सद्‌गुणी बाईसारखी नव्हे. चिडायची, चमचा फेकायची, एकदा सारिकाला "मेंढरं राख जा" म्हणाली आणि मग तास घालवून अडखळत माफी मागितली. पण प्रत्येक घासाला हनुवटी छातीला. मी विसरले तरी ती विसरायची नाही. दिवसातून शंभर वेळा ती ताठ मान खाली जायची. ती बघताना मला त्या वाक्याचा नीट अर्थ लागला असं नाही म्हणत. पण भांडण जरा निवळलं. आज्ञा ऐकून माहीत असणं आणि ती अंगात मुरणं यात जी मधली वाट आहे ती माझ्या आईने माझ्यासमोर चमच्या-चमच्याने चालून दाखवली. ती वाट मला जमली नसती, हे मी आधीच कबूल करते.

त्या वर्षी प्रभुभोजनाच्या गुरुवारी रस मी केला, तिच्या देखरेखीखाली. गाळून झाल्यावर वाटी तिच्या नाकाशी नेली. तिने वास घेतला आणि एक बोट वर केलं, म्हणजे अजून एक उकळी. चव बघायला ती तयार झाली नाही.

संध्याकाळी चर्चमधला विधी उरकून पाळकसाहेब तिला प्रभुभोजन द्यायला घरी आले. छोटा चांदीचा प्याला, प्रार्थना, सगळं झालं. त्यांनी प्याला तिच्या ओठांशी नेला आणि आईने तोंड मिटून घेतलं.

"सिस्टर, प्रभूचा प्याला आहे," ते म्हणाले.

मान हलली. नाही.

"एक थेंब. प्रार्थना केलेला आहे, काही होत नाही."

आमच्यात प्रभुभोजन नाकारतं का कुणी? आईने डावा हात उचलून फडताळावरच्या पावडरच्या डब्याकडे बोट दाखवलं. मला कळायला क्षणभर वेळ लागला आणि मग असं हसू आलं की ते दाबताना नाक वाजलं. मी डबा आणला. पाळकसाहेबांनी स्वतः चिमूटभर पावडर प्याल्यात टाकली आणि चमच्याने ढवळलं. ते घट्ट व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढा वेळ झगा घातलेले पाळक, मी आणि आई, प्रभूचा रस घट्ट होण्याची वाट बघत गप्प बसलो. मग तिने हनुवटी छातीला लावली आणि तो घेतला. जाताना पाळकसाहेब दारात म्हणाले, "इतकी वर्षं मी प्याला देतोय. एवढ्या आदराने कुणी घेतला नव्हता."

मग थांबून हळूच विचारलं, "उद्याचा पाचवा उद्गार दुसऱ्या कुणाला देऊ का?"

"माजा हाय," आतून आवाज आला.

गुड फ्रायडेला बारा ते तीन उपासना असते. क्रूसावरून येशू सात वेळा बोलला, त्या एकेका उद्गारावर मंडळीतलं एकेक माणूस उठून बोलतं. पाचवा उद्गार, मला तहान लागली आहे, हा वर्षानुवर्षं आईचा. ती त्यावर नर्सिंगच्या वर्गासारखं बोलायची. रक्त गेलं की तहान का लागते, घाम किती गेला असेल, जीभ टाळूला का चिकटते. मंडळी पेंगायची.

त्या दुपारी तिला चाकाच्या खुर्चीतून नेलं. सारिकाही आली, डोक्यावर ओढणी घेऊन, पहिल्यांदाच चर्चमध्ये. पंखे गरम हवा ढवळत होते. आईची पाळी आली. ती एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखी बोलली.

"मी लई जनांला... पानी न्हाई म्हनले. त्ये बराबर हुतं." सारिका पुढे वाकली. "पर जवळ... बसले न्हाई." आणि मग, शास्त्र वाचताना लावायची तो आवाज लावून, स्पष्ट, "मला तहान लागली आहे."

एवढंच. त्या वर्षी कुणी पेंगलं नाही. मी मान वर करून बघितलं नाही, पण आजूबाजूला नाकं ओढल्याचे आवाज येत होते, आणि त्यातलं एक माझंच होतं. दवाखान्यातलं ते रडणं कशाचं होतं, ते मला तिथे बाकावर कळलं.

ईस्टर झालं. पुढच्या दोन आठवड्यांत सारिकाने आधी चमचाभर, मग वाटीभर साधं पाणी देऊन तपासलं. ठसका नाही. आवाज घोगरा होत नाही. मग एका रणरणत्या दुपारी ती आली, घामाने निथळत, आणि दारातूनच ओरडली, "सिस्टर, आज पेला!"

मी माठातलं पाणी स्टीलच्या पेल्यात भरून आणलं. आईने डाव्या हातात पेला घेतला. पेल्याला बाहेरून पाणी सुटलं होतं. तिने त्याच्याकडे बघितलं, मग सारिकाकडे.

"बस."

"आवं, तुमी प्या की आधी."

"बस म्हनते न्हवं. उनातनं आलीस." आणि पेला पुढे केला. "पी."

सारिकाने माझ्याकडे बघितलं. ती पोर खाली बसली, अर्ध्या पेल्यात तिला रडू कोसळलं, तरी सगळं पाणी संपवलं तिने. मग मी दुसरा पेला आणला. आईने हनुवटी छातीला लावली आणि घोट घोट करत तो रिकामा केला. "गार हाय," ती म्हणाली. मी इकडे गच्चीवर पळाले, कारण मला मोठ्याने रडायचं होतं.

आजचा बेदाण्यांचा रस झाला. गाळला, झाकला. चव बघितली, एक उकळी जास्तच दिली, म्हाताऱ्या मंडळींना बोलायला जागा नको. पावणेचारला मी जुन्या वॉर्डात पोहोचले. डॉक्टरांना विचारून आई आठवड्यातून दोनदा इथे येते. काम काही करत नाही. बसते.

आज ती फलटणकडच्या एका ऊसवाल्याच्या खाटेशी होती. पन्नाशीचा धिप्पाड माणूस, काल आतड्याचं ऑपरेशन झालेलं. मी दारातच थांबले.

"आवं आज्जी, एक घोट द्या. कुनाला सांगत न्हाई."

"न्हाई."

"कवा मग?"

"चारला. डाक्टर हो म्हनले तर."

"तवर हाय न्हवं तुमी?"

"हाय की. कुटं जाते?" तिने डाव्या हाताने ओला कापूस त्याच्या ओठांवरून फिरवला.

चारला नर्स आली. डॉक्टरांनी होकार दिला होता. त्या माणसाला दोन चमचे पाणी मिळालं आणि त्याने डोळे मिटून घेतले. आता आई उठेल म्हणून मी पुढे झाले. ती उठली नाही. तिने पिशवीत हात घातला आणि दुपारी घरून नेलेली बाटली बाहेर काढली. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. चार तास त्या खाटेशी, या उन्हाळ्यात, आणि तिला तर कुणीच पाणी बंद केलेलं नव्हतं.

तिने बाटली गुडघ्यांत धरली, डाव्या हाताने झाकण फिरवलं, हनुवटी छातीला लावली आणि पहिला घोट घेतला.